काळी आधी, हिरवी शेवटी

आडगाव नाक्यापुढे, ट्रक टर्मिनसवर
इनायत पिंजारींनी पहिल्या दिवशी मला पाना दिला नाही.
हात दाखव, म्हणाले.
मी तळवे पुढे केले.
तळवे नको, बोटं.
अंगठी काढ. कडं काढ.
मग स्वतःची अनामिका माझ्या नाकासमोर धरली.
बोटाभोवती फिकट, गुळगुळीत कातडीचं वेढं,
एक केस नाही त्यावर.
चांदीची होती, लग्नातली.
पाना लालवर, हात पान्यावर,
अंगठी टेकली बॉडीला.
संपलं.

काळी आधी.
का ते नंतर विचार.
लावताना लाल आधी, काळी शेवटी.
आणि बॅटरीपाशी बिडी ओढणारा
कितीही मोठा शेठ असो, त्याला हाकल.

डिसेंबरात पहाटे कांद्याच्या गाड्या उठत नसत.
ड्रायव्हर ब्लँकेट पांघरून केबिनमध्येच,
किल्ली फिरवली की नुसतं टक्. टक्.
टर्मिनलवर साठलेली पांढरी-हिरवी बुरशी
मी खायच्या सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायचो,
फेस यायचा दुधासारखा.
असाच एकदा फेस पुसताना त्यांनी सांगितलं,
हे बघ, चॅसी, बोनेट, हा दांडा,
काळी जोडलेली आहे तोवर सगळं लोखंड काळंच.
लाल खोलताना पाना कुठंही घसरू दे,
तिथंच गाठ.
काळी सुटली, की मग घसरू दे.
जुन्या एखाद्या गाडीत लालच बॉडीला बांधलेली सापडेल,
तिथं लाल आधी.
रंग नको पाठ करू.
वायर कुठं जाते ते बघ.

मी रंगच पाठ केला.

दोन वर्षांनी अंबडला, कंपनीत,
लेथच्या पॅनलची जोडणी सोडवताना
मी सवयीनं आधी हिरवीला हात घातला.
भामरेबाईंनी मनगट धरलं.
ओरडल्या नाहीत.
मेन बंद केलास?
केला.
कुलूप लावलंस? टेस्टर लावून पाहिलास?
मी गप्प.
मग मला शेडमागं नेलं,
जिथं सिमेंटचं झाकण होतं, मॅनहोलपेक्षा लहान.
आत तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ,
आणि खाली आपला काळा खडक.
मे महिना होता. त्यांनी बादलीभर पाणी ओतलं.
खड्डा बराच वेळ पीत राहिला.
बिघाडाला पळायला एक वाट लागते, म्हणाल्या,
नाहीतर तो माणसातून पळतो.
वाट आधी बांधायची.
मोडायची सगळ्यांत शेवटी.

त्या पंधरवड्यात मी सातपूरच्या गच्चीवर
काळी आधी, हिरवी शेवटी असं पुटपुटत झोपायचो.
आईला वाटलं परीक्षा आहे.
दोघंही अर्थिंगच म्हणायचे
आणि मला दोघांचा मिळून अर्थ लागत नव्हता.
मग एका रात्री टर्मिनसवरून येताना
रिकामा ट्रक उभा दिसला, दहा चाकांवर,
रबरावर.
त्याला जमीन नाहीच.
तो आपल्याच अंगाला जमीन म्हणतो.

यंदा इनायतचाचांनी गाळा सोडला.
डोळ्यांत मोतीबिंदू, मुलगा पुण्याला.
वायरिंग मी काढायला गेलो.
मीटरवाल्यानं पुरवठा तोडलेला,
तरी टेस्टर लावून पाहिला, दोनदा.
फेज काढली, मग न्यूट्रल.
हिरवीवर पक्कड नेली तेव्हा
स्टुलावरून आवाज आला,
उलटं करतोयस तू.
म्हटलं, चाचा, ही भिंतीची.
त्यांनी मान तिरकी करून
वायर कुठं जाते ते बोटानं चाचपत पाहिलं,
खिडकीखालून, नळीतून, बाहेर मातीपर्यंत.
मग ठीक, म्हणाले.

बाहेर त्यांची जुनी ओम्नी.
बॅटरी त्यांनी स्वतःच बसवली, मला हात लावू दिला नाही.
लाल घट्ट केली, टोपी चढवली.
काळी टेकवताना बारीक ठिणगी उडाली.
मी दचकलो.
तेवढी चालते, म्हणाले,
आणि दहा नंबरचा पाना
न बघता माझ्याकडे धरला.